कड्यावरचा बाक

जिलियनने चादर ओढली आणि पितळेच्या पट्टीवर मला माझं नाव दिसलं. चादर आमचीच होती, पाहुण्यांच्या खोलीतली, निळ्या पट्ट्यांची. सकाळी कपाटात दिसली नाही म्हणून मी ती धुण्यात शोधली होती, आणि ती इथे कड्यावर एका बाकावर पांघरलेली. गुरुवारची आमची चालणारी मंडळी अर्धवर्तुळ करून उभी होती. सगळ्यांच्या हातात काठ्या, पाठीवर पिशव्या आणि चेहऱ्यावर लहान मुलाला वाढदिवसाची भेट उघडायला देताना असतं तसं हसू. माझ्या शेजारी माझा नवरा डेझमंड. त्याने टोपी काढून दोन्ही हातांत धरली होती, चर्चमध्ये धरतो तशी. मी वाचलं: 'एव्रिल आणि डेझमंड टेबट. यांना दुसरीकडे कुठे जावंसंच वाटलं नाही.' पुन्हा एकदा वाचलं. खाली समुद्र नेहमीसारखा दगडांवर डोकं आपटत होता. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काठ्या मनगटांना अडकवलेल्या, त्यामुळे टाळ्यांबरोबर त्याही खडखडल्या. मागून कुणीतरी भाषण, भाषण म्हणून ओरडलं. मी म्हणाले, "छान आहे." दुसरं काय म्हणणार होते?

इंग्लंडच्या दक्षिणेला, आमच्या डॉर्सेटच्या या किनाऱ्यावर बाक असतो तो मेलेल्या माणसाचा. माणूस गेलं की घरचे लोक कड्याच्या वाटेवर त्याच्या नावाचा बाक बसवतात, त्याला कोणता देखावा आवडायचा ते पट्टीवर लिहितात, आणि आमच्यासारखे धडधाकट म्हातारे त्यावर बसून चहा पितात. आमच्यात बोलायची पद्धतच पडली आहे: आज आर्थरवर बसू, परवा त्या दोघी बहिणींवर फार वारा होता. हाही बाक नवा नव्हता. हा फिलिस. कित्येक गुरुवार मी फिलिसवर बसून उकडलेल्या अंड्याची सँडविचं खाल्ली होती. जिलियन खुलासा करत होती. ती निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे कुठलाही आनंद तिला समजावून सांगितल्याशिवाय पुरा झाल्यासारखा वाटत नाही. कड्यावरच्या सगळ्या जागा आता भरल्या आहेत, नवा बाक बसवू देत नाहीत. फिलिसची मुदत संपली, तिचं मागे विचारणारं कुणी उरलं नाही, आणि आपल्या डेझमंडने ही जागा धरली. लोक मरेपर्यंत थांबतात आणि मग जागा मिळत नाही, ती म्हणाली, पण हा पडला बसखात्यातला माणूस, याने आधीच आरक्षण करून टाकलं. सगळे हसले. डेझमंडही हसला, जरा उशिराने. नव्या पट्टीच्या वर फिलिसच्या पट्टीच्या स्क्रूंची भोकं तशीच राहिली होती. मला त्या भोकांवरून नजर हलवता येईना.

गंमत अशी की मी आज बोलणार होते. आमच्याकडे नवराबायकोचं अवघड बोलणं घरात होत नाही. घरात समोरासमोर बसावं लागतं, तोंडं दिसतात. ते चालताना व्हायचं किंवा गाडीत, दोघांची नजर पुढे असताना. म्हणून मी गुरुवार धरला होता. फाटक ओलांडून वाट रुंद झाली की मंडळी पुढे निघून जातात, मी मुद्दाम बुटाची नाडी बांधायला थांबणार, तो थांबेल, आणि मग सांगायचं: डेझ, मला लेस्टरला परत जायचंय. एवढंच. हे वाक्य मी आठवडाभर आंघोळ करताना, बटाटे सोलताना, दात घासताना मनात घोकलं होतं. नोरीनला, माझ्या धाकट्या बहिणीला, रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिच्या घराच्या वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. भाडेकरू गेला होता आणि दुसरी माणसं विचारून जात होती. तिने फोनवर आडपडदा ठेवला नाही. ती म्हणाली, "तू ये. त्याला घेऊन ये. तो येत नसेल तर एकटी ये. समुद्र काय पळून जात नाही. तुझा आवाज ऐकलास का तू अलीकडे? रेडिओवर हवामान सांगणारी बाई जास्त जिवंत वाटते." मी हसले, आणि घरी आल्यावर पाहुण्यांच्या खोलीत जाऊन रडले. याच निळ्या पट्ट्यांच्या चादरीवर.

लेस्टरला मी बसखात्यात टेलिफोनवर होते. सगळ्या गावाच्या तक्रारी माझ्या कानातून जायच्या. बस आली नाही, बस आली पण थांबली नाही, बसमध्ये आजीची कवळी राहिली. खिडकीखाली बाजार. बाजारातला फळवाला, कंडक्टर, पोस्टमन, जो तो आमच्याकडे समोरच्याला 'बदक' म्हणतो. काय हवंय बदका, सरक गं बदका, मेलीस का बदका, उत्तर दे. मोठ्या साहेबालाही बदक आणि शेंबड्या पोरालाही बदक. डेझमंड वरच्या मजल्यावर गाड्यांची वेळापत्रकं करायचा. अख्ख्या गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात होता. कुठल्याही गल्लीचं नाव घ्या, तो डोळे मिटून कुठली बस, कुठला थांबा, उतरल्यावर कुठल्या हाताला वळायचं ते सांगायचा. लग्नाआधी मी त्याला अशी नावं विचारून छळायचे, हा एकदा तरी चुकावा म्हणून. तो चुकायचा नाही. एक वाक्य त्याच्या तोंडी नेहमी असायचं: पाटी नसेल तर तो थांबा नव्हे, नुसता खांब. आम्हाला मूल झालं नाही. पण रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात इतका गलका होता की ती शांतता घरात शिरायला जागाच नव्हती. इथे आल्यावर ती आली. इथे समुद्राचा आवाज असतो म्हणतात. समुद्र दिवसभर एकच वाक्य बोलतो आणि ते कुणाला उद्देशून नसतं. त्याला आवाज म्हणायचं का?

आम्ही इथे आलो ते माझ्यामुळे, असं डेझमंड सगळ्यांना सांगतो, आणि ते खोटं नाही हीच पंचाईत आहे. त्याच्या निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही इथे सुट्टीवर आलो होतो. चहाच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल मिळालं. स्कोनचे गोडसर पाव, जाड साय, स्ट्रॉबेरीचा जॅम. खिडकीतून खाडी दिसत होती, ऊन होतं, माझे पाय दुखत होते आणि बसायला मिळाल्याने मी खूश होते. तो म्हणाला, कसं वाटतंय? मी म्हणाले, छान आहे. तो म्हणाला, अगदी छान ना? मी म्हणाले, अगदी छान. आईने आम्हा बहिणींना तेच शिकवलं होतं: कुणी विचारलं की छान म्हणायचं. मटण चिवट झालं तरी छान, मावशीने विणलेला स्वेटर टोचला तरी छान. पुढच्या वर्षी त्याने विचारलं की तिथे एक बंगली विकायला आहे, बघायची का, अर्थात तुला नको असेल तर राहू दे. मी म्हणाले, तुला हवं असेल तर बघू. तो म्हणाला, नाही, तुझं मन असेल तरच. मी म्हणाले, मला काय, मला चालेल. असं आम्ही दोघं एकमेकांना दार उघडून धरत राहिलो, आणि शेवटी दोघंही आत आणि दार मागून बंद. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. नोरीन एकटीच म्हणाली, तुला पोहता तरी येतं का? तेव्हा येत नव्हतं.

आता येतं. आता मला सगळं येतं. सोमवारी आम्ही हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवतो. मंगळवारी गाणाऱ्यांची मंडळी. बुधवारी सकाळी बायकांचं समुद्रात पोहणं, ऊन असो की गारठा, आणि बाहेर आल्यावर निळ्या ओठांनी एकमेकींना सांगायचं की काय मजा आली. गुरुवारी चालणं, शुक्रवारी जीवरक्षक बोटीच्या मदतीसाठी चालवलेल्या दुकानात बसून जुन्या कपबशा विकायच्या. शनिवारी दोघांना बसता येईल अशी लहान होडी घेऊन खाडीत वल्ही मारायची. त्या होडीतला आमचा फोटो जिल्ह्याच्या मासिकात छापून आला होता, सत्तरीतही लाटांवर स्वार टेबट दांपत्य म्हणून. फोटोत मी दात काढून हसते आहे. माझ्या मांडीत गोळा आला होता आणि होडी उलटेल म्हणून पाय हलवता येत नव्हता. लेस्टरहून जुनी ओळखीची माणसं यायची, खिडकीतून समुद्र बघायची आणि म्हणायची, निवृत्ती असावी तर अशी. मी त्यांना चहा द्यायचे. जाताना त्यांच्या गाडीचा मागचा दिवा वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी फाटकाशी उभी राहायचे, आणि डेझमंड मागून हाक मारायचा, एव्रिल, कुठे आहेस?

कुठे आहेस. हा प्रश्न गेल्या वर्षात इतका वाढला होता की माझ्या अंगावर काटा यायचा. मी बागेत असले तरी, न्हाणीघरात असले तरी. पूर्वी त्याची स्वतःची कामं असायची, दोन-चार तास तो बंदरावर बोटी बघत काढायचा आणि मला घर मिळायचं. आता तो माझ्याबरोबर सगळीकडे. गाणाऱ्यांच्या मंडळीत आला, त्याला सूर लागत नाही हे सगळ्यांना माहीत असून. बुधवारी मी पोहायला गेले की तो किनाऱ्यावर माझा टॉवेल धरून उभा, आणि मी पाण्यातून वळून पाहिलं की त्याची नजर माझ्या टोपीवर. बायका म्हणायच्या, काय प्रेम आहे. मला तुरुंगाच्या बुरुजावरचा शिपाई आठवायचा. फ्रिजवर त्याने आठवड्याचा मोठा तक्ता लावला होता, प्रत्येक वाराला वेगळ्या रंगाचा, आणि रोज सकाळी तो त्यासमोर उभा राहून त्या दिवसावर बोट ठेवायचा. एखादा कार्यक्रम मी टाळू म्हणाले तर अस्वस्थ व्हायचा; नाही नाही, आज बुधवार आहे, बुधवारी पोहणं. आणि चालताना, जो माणूस जन्मभर माझ्या दहा पावलं पुढे गेला, ज्याच्या पाठीकडे बघत मी अर्धा युरोप पाहिला, तो आता माझ्या मागून चालायचा. प्रत्येक फाट्यावर थांबायचा, हात पुढे करून म्हणायचा, बायका आधी. सुरुवातीला मला ते गोड वाटलं. मग तोच हात पाठीवर जाणवायला लागला, न टेकताही. मी कुठे जाते ते हा बघतो आहे, मी निसटू नये म्हणून मागे आहे, असं मला वाटायचं. कधीकधी मी मुद्दाम जोरात चालायचे. त्याची काठी मागे खटखट करत वेग वाढवायची.

जिलियनने पिशवीतून लिंबाचा केक काढला आणि बाकावर ठेवून कापला. प्रत्येकाने एक-एक तुकडा खाल्ला, प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे मला विचित्र वाटलं. आम्ही लोक असे हात ठेवत नाही. वर्षानुवर्षं एकत्र चालतो आणि थंडीवाऱ्यापलीकडे बोलत नाही, आणि आज एकेक जण येऊन खांदा दाबत होता. मला वाटलं, पट्टीवर नाव लागल्यामुळे मी अर्धी मेलेली झाले असणार. मग जिलियनने शिट्टी वाजवली, तिच्याकडे शाळेतली शिट्टी अजून आहे, आणि म्हणाली, नवरानवरीला जरा आपल्या बाकावर बसू द्या, आपण वळणावर थांबू. मंडळी निघाली. त्यांच्या रंगीत टोप्या उतारावर एकामागून एक बुडाल्या. वारा पडला होता. सीगल आमच्या केकच्या चुऱ्याभोवती चालत होते. आम्ही फिलिसवर, म्हणजे आता आमच्यावर, बसलो. पट्टी आमच्या दोघांच्या पाठींच्या मधे आली. मला स्वेटरमधूनसुद्धा ती गार लागत होती.

मनात वाक्य तयार होतं. आता तर सोपं होतं. पट्टीवर धडधडीत खोटं लिहिलेलं, ते बघून बोलायचं होतं. दुसरीकडे जावंसंच वाटलं नाही? मला रोज वाटलं. बसचा तो जळका वास यावा असं वाटलं, कुणीतरी मागून बदका म्हणावं असं वाटलं, पावसात भिजलेल्या कोबीच्या ढिगाशेजारून जावं असं वाटलं. समोर नजर ठेवून मी म्हणाले, "डेझ, मला तुझ्याशी बोलायचंय."

"मलाही," तो म्हणाला. "पण तू आधी."

"नको, तू बोल."

"नाही, तू सुरू केलंस. बायका आधी."

"अरे, तू बोल ना. माझं काय, नंतर सांगते."

हे मी बोलून गेले. ठरवून नाही, दारात दोघं अडखळले की आपण हात करतो तसं तोंडातून गेलं. आजवर किती दारं मी अशी त्याच्यासाठी धरून ठेवली, तसंच हेही. तो थोडा वेळ टोपीची कड बोटांनी फिरवत बसला. मग म्हणाला, "इथून घरी कसं जायचं, सांग बघू."

मला वाटलं, हा लग्नाआधीचा आमचा खेळ खेळतोय, फक्त उलटा. मी म्हणाले, थट्टा पुरे. त्याने मान हलवली. समुद्राकडे बघत, वेळापत्रक वाचावं तशा सपाट आवाजात तो सांगू लागला. थट्टा नव्हती. त्याला वाट आठवत नाही. कधी आठवते, कधी नाही. आधी वाटलं, नजर कमी झाली असेल. मग एकदा पोस्टात जायला निघाला आणि बंदरावर पोचला. तिथे एका बाईने विचारलं, हरवलात का? तो म्हणाला, छे, हवा खातोय. आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हवा खात उभा राहिला. शेवटी मी बाजाराची पिशवी घेऊन येताना दिसले, तेव्हा माझ्या मागोमाग घरी आला. मला तो दिवस आठवला. मी त्याला म्हणाले होते, इथेही आलास का माझ्या पाळतीवर? तो हसला होता.

"डॉक्टरकडे जायला हवं," मी म्हणाले. माझा आवाज मला दुरून आला.

"जाऊन आलो. जिलियनने गाडीतून नेलं. तिच्या नवऱ्याचं असंच झालं होतं, तिला लगेच कळलं. मीच तिला म्हटलं, एव्रिलला मी सांगेन." तो थांबला. "त्यांनी सांगितलं की रोजचं रोज तेच करत राहा. तीच माणसं, तेच रस्ते, तेच वार. त्याने बरंच टिकतं म्हणे."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. खांद्यावरचे ते हात. तक्त्यावरचं बोट, किनाऱ्यावरची ती नजर, टॉवेल छातीशी धरलेल्या त्या दोन मुठी. माझ्या टोपीचा लाल ठिपका पाण्यात दिसला नाही तर त्याने काय केलं असतं? त्याला कुठल्या बाजूला धावायचं ते कळलं असतं का? मी त्याला शिपाई समजत होते. आणि फाट्यावरचा तो पुढे केलेला हात! मी कुठल्या बाजूला वळते ते बघायचं होतं त्याला. मी जोरात चालायचे तेव्हा मागून येणारी खटखट आठवली आणि मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी दुसरंच काही आलं होतं. राग. की आता? आजच? वाक्य ओठांवर असताना?

"हा बाक कशासाठी?" मी विचारलं.

"पाटी नसेल तर नुसता खांब," तो म्हणाला, आणि जुन्या डेझमंडसारखा हसला. "नाव वाचता येतं अजून. इथवर आलो आणि नाव दिसलं की कळेल, आपला थांबा आला. आणि कुणाला मी इथे बसलेला सापडलो तर त्यालाही कळेल, याला कुणाकडे पोचवायचं. तुझं नाव आधी घातलंय, बघ."

मी वळून बघितलं नाही. एव्रिल आणि डेझमंड. मला पाठीत ते कळत होतं. मी म्हणाले, "आणि खालचं वाक्य?"

"ते तुझंच. त्या चहाच्या दुकानात तू म्हणाली होतीस, आता इथून दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नाही. तुझा चेहरा काय खुलला होता, एव्रिल. मी तेव्हाच ठरवलं."

मी म्हणाले नव्हते. मी छान आहे म्हणाले होते, फार तर अगदी छान. बाकीचं त्याने त्याच्या मनाने लावलं होतं, कधी ते देव जाणे. आणि बाकी सगळं पुसलं जात असताना नेमकं हे, जे घडलंच नाही, ते त्याच्या डोक्यात पितळेसारखं पक्कं बसलं होतं. ते मी कसं काढणार? एक शेवटचा धागा उरला होता. तोच मी ओढला. म्हणाले, पण मग लेस्टर? तिथला नकाशा तर तुझ्या हाडात आहे. तिथे तू डोळे मिटून चालशील.

तो घाईने म्हणाला, "लेस्टरला नको." मग हळू आवाजात सांगितलं. नोरीनचा नवरा वारला तेव्हा आपण लेस्टरला गेलो होतो, आठवतं? घड्याळाच्या मनोऱ्यापाशी त्याने गाडी फिरवली, पुन्हा फिरवली. मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, तुला तुझं गाव दाखवतोय. मी हसत होते, खिडकीतून दुकानं बघत होते, सुखात होते. तो म्हणाला, तेव्हा त्याला एकही रस्ता ओळखू येत नव्हता. "तिथे मला सगळे ओळखतात. वेळापत्रकवाला टेबट. तिथे हरवलो तर मी मरेन लाजेने. इथे काय, मी नुसता एक म्हातारा. इथे हरवलेले बरेच फिरतात." त्याने टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली. "झालं माझं. आता तू बोल. काय सांगणार होतीस?"

समुद्र तेच वाक्य बोलत होता. खाली एक लहान होडी खाडीतून बाहेर पडत होती, तिच्यातली माणसं कुणीतरी मोजून ठेवल्यासारखी सारख्या अंतराने वाकत होती. माझ्या तोंडात लिंबाची आंबट चव उरली होती. मी म्हणाले, "काही नाही रे. केकमध्ये लिंबू जास्त झालंय, एवढंच. जिलियनला सांगायचं की नाही, म्हणून विचारणार होते."

"नको सांगू," तो म्हणाला. "छान आहे म्हण."

आम्ही उठलो. त्याने चादरीची घडी घातली, कडेला कड मिळवून, नीट. आणि तेव्हा माझा फोन वाजला. गावात खाली फोन लागत नाही, कड्यावरच लागतो, म्हणून नोरीन गुरुवारी याच वेळेला करते. मी दोन पावलं बाजूला झाले. डेझमंड पुढे फाट्यापर्यंत गेला आणि थांबला. तिथे वाट दोन बाजूंना फुटते: डावीकडे फाटक आणि गाव, उजवीकडे चढ, आणि चढावरून पुढे मोठा रस्ता, जिथे स्टेशनकडे जाणारी बस थांबते. तो बाकाकडे पाठ करून उभा होता. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग वळून माझ्याकडे बघत राहिला, चादर पोटाशी धरून.

नोरीनच्या मागे बाजार ऐकू येत होता. कुणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं. ती म्हणाली, "काय गं बदका, सांगितलंस का त्याला?"

मी म्हणाले, "नोरीन, इथे छान आहे गं."

टोमॅटोवाला दोनदा ओरडला. मग ती म्हणाली, "छान? मला सांगतेस? मीपण त्याच आईची मुलगी आहे."

"हो," मी म्हणाले. "त्या वरच्या खोल्या देऊन टाक कुणाला तरी." ती माझं नाव घेत होती तेव्हा मी फोन बंद केला. बाजार तुटला. पुन्हा तो समुद्र.

मी फाट्यापाशी आले. डेझमंड एक पाऊल मागे सरला, हात पुढे केला आणि हसला, आणि त्या हसण्यात आता लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून ते बघवत नव्हतं. "चल बदका," तो म्हणाला. इथे आल्यापासून त्याने मला ही हाक मारली नव्हती. इथले लोक त्या हाकेला हसतात. "बायका आधी."

वळणावरून जिलियनची शिट्टी आली. उजव्या हाताच्या चढावर कुणी नव्हतं, ऊन पडलं होतं, मोठ्या रस्त्यावरून गाडी गेल्याचा बारीक आवाज आला आणि विरला. मी जिकडे वळले असते तिकडे तो आला असता. मी डावीकडे वळले.